महागाईच्या माहेरी

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे 'काय काय पाहिलंत?' असे प्रथम कुणी विचारीत नाही. पहिला प्रश्न असतो, 'किती लागले?' आणि तो माणूस स्वित्झर्लंडला जाऊन आला असेल, तर प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर, सावकाराच्या घरून परतलेल्या कुळाकडे पाहावे तशी करुणा दिसते. आम्ही चौघे २०२५ च्या मे महिन्यात चौदा दिवस त्या देशात होतो. किती लागले, ते ओघाने सांगेनच. पण त्या चौदा दिवसांत 'महाग' या एका साध्या विशेषणाचा अर्थ माझ्यापुरता बराच उलगडला, आणि मराठी शिकवणाऱ्या बाईला एखाद्या शब्दाचा अर्थ उलगडणे ही काही लहान मिळकत नव्हे.

आम्ही चौघे म्हणजे मी, आमचे हे, नववीतली मुलगी आणि माझ्या सासूबाई. खरे पाहता ही सहल सासूबाईंचीच. १९६४ साली राज कपूरचा 'संगम' आला, तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. त्या चित्रपटात पाहिलेल्या युरोपातल्या बर्फाने त्यांच्या मनात जे घर केले, ते पुढे साठ वर्षे रिकामे झाले नाही. १९७२ साली लग्न होऊन त्या पुण्यात आल्या, पुढे ऐन चाळिशीच्या आत वैधव्य आले, आणि पेठेतल्या दोन खोल्यांत विद्यार्थ्यांचे डबे करून त्यांनी दोन मुलांना शिकवले. वीस वर्षे, दिवसाला दीडदोनशे पोळ्या! त्या पोळ्यांतून मागे टाकलेले काही, पुढे मुलांनी दिलेले काही, असे त्यांनी स्वतःच्या नावावर जमवले होते. "माझं तिकीट मी काढणार," ही त्यांची एकमेव अट होती. ती आम्ही मान्य केली. मान्य न करून सांगतो कुणाला?

ब्रिएन्झ सरोवराच्या काठी एका खेड्यात स्वयंपाकघरासकट दोन खोल्यांचे बिऱ्हाड आम्ही घेतले होते, रात्रीला एकशे साठ फ्रँकांप्रमाणे. चौघांना हॉटेलात दोन खोल्या घ्याव्या लागल्या असत्या, त्या मानाने हे स्वस्तच. पण पहिल्या संध्याकाळी प्रवासाने शिणलो होतो, म्हणून इंटरलाकेन गावात एका साध्याशा उपाहारगृहात जेवायला बसलो. बटाट्याच्या किसाचे रोश्टी दोन, पास्ता एक, सासूबाईंना सूप, पाण्याची एक मोठी बाटली आणि शेवटी दोन कॉफ्या. बिल आले एकशे एक फ्रँक. त्या वेळी एका फ्रँकला सुमारे एकशे तीन रुपये पडत होते. आमच्या ह्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि दुर्दैवाने उत्तर मोठ्याने उच्चारले, "दहा हजार चारशे."

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "एवढ्यात आपल्याकडे लग्न झालं असतं रे माझ्या वेळी," त्या म्हणाल्या, "दोन्हीकडच्या पंगतींसकट."

हा गुणाकाराचा रोग मोठा वाईट. तो एकदा जडला की डोळ्यांसमोर सरोवर दिसत नाही, शिखर दिसत नाही. दिसते ती फक्त पाटी आणि पाटीवरच्या आकड्यापुढची दोन शून्ये. कॉफी पाच फ्रँक, म्हणजे पाचशे रुपये. मोठ्या स्थानकावर स्वच्छतागृहात जायचे तर एकदोन फ्रँक, म्हणजे शेदोनशे रुपये. आमच्या खेड्यापासून जवळच इझेल्टवाल्ड नावाचे गाव आहे. तिथल्या लाकडी धक्क्यावर एका कोरियन मालिकेतला प्रसंग घडला म्हणून प्रवाशांची झुंबड उडू लागली, तेव्हा गावाने २०२३ साली धक्क्यावर फिरते दार बसवले आणि आत जाऊन छायाचित्र काढायला पाच फ्रँक लावले. सासूबाईंनी ते दार पाहिले आणि लांबूनच नमस्कार केला.

तिसऱ्या दिवसापासून त्यांचा एक नवा मंत्र सुरू झाला: "मला भूक नाही." बाहेर कुठेही बसलो की त्यांना भूक नसे. चहा नको, पाव नको, आइस्क्रीम नको. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई दिवसभर हिंडते आणि रात्री खोलीवर येऊन मेतकूट-भात खाते! युंगफ्राउयोखचा बेतही त्यांनी परस्पर रद्द करून टाकला. इंटरलाकेनहून तिथे जाण्या-येण्याचे पूर्ण तिकीट दोनशे फ्रँकांच्या वर आहे. "बर्फ काय, इथूनही दिसतोय की!" त्या म्हणाल्या. साठ वर्षे मनात सांभाळलेला बर्फ त्या खिडकीतून पाहून परत जायला निघाल्या होत्या. मला त्याची फार टोचणी लागली.

वाचकहो, हा देश मुळातच श्रीमंत असेल अशी आपली समजूत असते. वस्तुतः दोनशे वर्षांपूर्वी तो युरोपातल्या गरीब मुलखांत मोडत असे. डोंगर भरपूर, शेती तुटपुंजी. घरात खाणारी तोंडे फार म्हणून तिथले तरुण पिढ्यान्‌पिढ्या परक्या राजांच्या पदरी भाडोत्री शिपाई होऊन जात. १५०६ सालापासून पोपच्या दारी उभे असलेले स्विस रक्षक ही त्याच परंपरेची आजची खूण. १८१९ साली फ्रीबुर्ग भागातली कुटुंबे थेट ब्राझीलला गेली आणि तिथे त्यांनी नोव्हा फ्रिबुर्गो नावाचे गाव वसवले. १८६३ साली टॉमस कुक याने इंग्रज प्रवाशांची पहिली स्विस सहल नेली. पुढे आगगाड्या आल्या, हॉटेले उभी राहिली, घड्याळे, औषधे, यंत्रे, बँका यांनी हात दिला, आणि दोन महायुद्धांच्या वणव्यातून देश वाचला. पोटासाठी बाहेर जाणारा मुलूख आता बाहेरच्यांचे पोट भरणारा झाला.

मग महागाई का? एक कारण चलनाचे. जगात कुठे खुट्ट झाले की लोक आपला पैसा फ्रँकमध्ये आणून ठेवतात, त्यामुळे फ्रँक चढत राहतो. तो फार चढू नये म्हणून तिथल्या मध्यवर्ती बँकेने एका युरोला एक पूर्णांक वीस फ्रँक अशी मर्यादा धरून ठेवली होती. १५ जानेवारी २०१५ रोजी तिने ती सोडली, तेव्हा फ्रँक एका दिवसात उसळला आणि हॉटेलवाल्यांच्या पोटात गोळा आला. दुसरे कारण शेतीचे. डोंगरउतारावर चार गाई राखणारा शेतकरी टिकावा म्हणून बाहेरच्या मांस-दुधावर जबर जकात आहे. त्यामुळे तिथले खाद्यपदार्थ युरोपीय संघाच्या सरासरीच्या दीडपटीहून महाग पडतात. आणि तिसरे, सर्वांत मोठे कारण माणसाच्या हातांचे. त्याकडे मी शेवटी येते.

गंमत अशी की, ही महागाई त्या लोकांनाही सोसवत नाही. सरहद्दीजवळची स्विस कुटुंबे शनिवारी पिशव्या घेऊन जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ गावी बाजाराला जातात. मुंबईची माणसे लग्नाचा बस्ता बांधायला उल्हासनगरला जातात, त्यातलाच प्रकार. ही गर्दी इतकी वाढली की, माणशी तीनशे फ्रँकांचा माल विनाकर आणण्याची सवलत सरकारने १ जानेवारी २०२५ पासून दीडशेवर आणली. म्हणजे काटकसर ही काही आपलीच मिरासदारी नाही. मला हे कळले तेव्हा जरा धीर आला.

चौथ्या दिवशी सकाळी मी एक पाकीट सासूबाईंच्या हाती दिले. त्यात शंभर फ्रँक होते. "आई, आजपासून खाण्यापिण्याचा खजिना तुमच्याकडे. रोज चौघांचे शंभर. उरतील ते तुमचे, हवे तिथे खर्च करा. अट एकच, रुपयांत हिशेब करायचा नाही. शंभरातले किती गेले, एवढेच पाहायचे."

त्यांनी पाकीट दोनदा मोजले. वीस वर्षे खानावळ चालवलेली बाई ती! डोळ्यांत जी चमक आली, ती मी त्यांच्या निवृत्तीनंतर प्रथमच पाहिली. "बाजार कुठाय?" त्यांनी विचारले.

बाजार म्हणजे मिग्रो. या दुकानाची कथा ऐकण्यासारखी आहे. १९२५ साली गोटलीब डुटवायलर नावाच्या गृहस्थाने झुरिकमध्ये पाच फोर्ड मोटारींवर माल लादून दारोदार विकायला सुरुवात केली. माल सहाच प्रकारचा: कॉफी, तांदूळ, साखर, शेवया-पास्ता, खोबरेल चरबी आणि साबण. मधले दलाल वगळले, भाव उतरवला, गृहिणी खूश आणि दुकानदार संतप्त. १९४१ साली त्याने चालता धंदा ग्राहकांच्या सहकारी संस्थेत रूपांतरित केला. मिग्रोच्या दुकानात दारू मिळत नाही. २०२२ साली सभासदांचे मत घेतले, तेव्हाही त्यांनी 'नकोच' असा कौल दिला. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांचा दुकानावर जो विश्वास बसला तो कायमचा.

बटाटे, कांदे, कोबी, अंडी, दही, पाव. दुकानातला हा माल आपल्यापेक्षा महागच, पण उपाहारगृहाच्या मानाने चौथ्या-पाचव्या हिश्शात भागतो. संध्याकाळी दुकान मिटण्याच्या सुमारास नाशिवंत मालावर पंचवीस-पन्नास टक्के सवलतीच्या चिठ्ठ्या चिकटवतात, हे सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी हेरले. भारतातून दूध-तुपाचे पदार्थ त्या देशात नेता येत नाहीत, म्हणून तूप घरीच राहिले होते. त्यांनी लोण्याचे दोन पुडे आणले आणि आल्प्सच्या पायथ्याशी, विजेच्या शेगडीवर, स्विस लोण्याचे रवाळ तूप कढवले. त्या रात्रीचा वरणभात मी जन्मात विसरणार नाही. चौघांची न्याहारी, दुपारचे डबे आणि रात्रीचे जेवण मिळून दिवसाला चाळीस फ्रँकांत बसू लागले.

डबा घेऊन हिंडायला आमच्या मुलीला आधी संकोच वाटे. पण सरोवराकाठच्या बाकांवर पाहावे तो स्विस कुटुंबेच पाव, चीज आणि सफरचंदे काढून बसलेली. रानात ठिकठिकाणी सार्वजनिक चुली बांधलेल्या असतात. त्यांवर लोक आपापले भाजून खातात. उपाहारगृहात साध्या पाण्यालाही पुष्कळदा पैसे पडतात, पण गावोगावच्या कारंज्यांना अखंड धार असते आणि 'पिण्याचे पाणी नाही' अशी पाटी नसेल तर ते पाणी खुशाल प्यावे. एकट्या झुरिक शहरात अशी बाराशेवर कारंजी आहेत. लाउटरब्रुनेनच्या दरीत जवळजवळ तीनशे मीटर उंचीवरून कोसळणारा श्टाउबाख धबधबा पाहायला कुणी दमडी मागत नाही. जगातल्या या महाग देशात डोळ्यांचे जेवण मात्र अन्नछत्रातले आहे.

एकदा पायवाटेने जाताना एका शेतकऱ्याच्या दाराशी फळी मांडलेली दिसली. फळीवर अंडी, मध, सफरचंदे, भावाच्या चिठ्ठ्या आणि एक पत्र्याची पेटी. माणूस नाही. सासूबाई पाच मिनिटे इकडेतिकडे पाहत उभ्या राहिल्या. "अगं, कुणीच नाही का लक्ष ठेवायला?" मग त्यांनी सहा अंडी घेतली, पेटीत नाणी टाकली आणि पेटी हलवून ती नीट पडल्याची खात्रीही केली. "महाग आहेत," त्या म्हणाल्या, "पण घ्यावीशी वाटली."

एके दुपारी पाऊस लागला आणि आम्ही काठावरच्या एका लहान कॉफीघरात शिरलो. तिथे फोंड्यूचा वास दरवळत होता. वितळलेल्या चीजमध्ये पावाचे तुकडे बुडवून खायचा हा पदार्थ आज माणशी पंचवीस-तीस फ्रँकांना मिळतो. मूळचा तो हिवाळ्यात शिळा पाव आणि वाळके चीज संपवण्याचा गरिबाघरचा मार्ग, अशी कथा सांगतात. चीज-उत्पादकांच्या संघाने १९३० नंतर त्याचा एवढा गाजावाजा केला की, तो राष्ट्रीय पक्वान्न होऊन बसला. आपल्याकडे झुणका-भाकरी पंचतारांकित हॉटेलात जाऊन बसली, तसेच.

गर्दी नव्हती. वाढणारी बाई पोर्तुगालची निघाली. पन्नाशीच्या आतबाहेरची, हसतमुख. आमची मुलगी तिच्याशी इंग्रजीत बोलत बसली. बक्षिशी किती द्यायची, असे तिने विचारले, तेव्हा बाई म्हणाली, "द्यायलाच हवी असं नाही. १९७४ पासून ती बिलातच धरलेली असते." मग बोलण्याच्या ओघात तिने सांगितले की, भाडे आणि आरोग्यविम्याचे हप्ते जीव खातात, महिनाअखेर हात आखडतो; पण ऑगस्टमध्ये ती मुलांना घेऊन तीन आठवडे गावी जाणार आहे, आपल्या मोटारीतून, समुद्रावर.

मुलीने ते मराठीत सांगितले. सासूबाईंनी पुन्हा विचारले, "कोण जाणार? मालकीण?"

"नाही गं आजी, ही स्वतः."

"म्हणजे वाढणारी बाईसुद्धा सुट्टीला जाते?"

जाते. त्या देशात वर्षाला किमान चार आठवड्यांची पगारी सुट्टी कायद्याने मिळते. २०१२ साली ती सहा आठवडे करावी का, असे लोकांना मतदानाने विचारले, तर लोकांनीच 'नको' म्हटले! किमान वेतनाचेही तसेच. देशभर तासाला २२ फ्रँक असावेत, ही सूचना २०१४ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने फेटाळली. पण जिनिव्हा प्रांताने २०२० साली २३ फ्रँक ठरवले आणि महागाईप्रमाणे ते वाढत २४ च्या वर गेले. बाकी देशात हॉटेल-धंद्यात मालक आणि कामगार यांचा सामूहिक करार आहे. त्याप्रमाणे अगदी अशिक्षित नोकरालाही पूर्ण वेळाचे महिना साडेतीन हजार फ्रँकांहून अधिक द्यावे लागतात. आपण पाच फ्रँकांची कॉफी पितो, तेव्हा त्यात कॉफीची पूड थोडी आणि त्या बाईचा ऑगस्ट महिना बराचसा असतो.

हा हिशेब मी सासूबाईंना समजावून सांगितला. त्या बराच वेळ पाऊस पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी पहाटे चारला उठून पोळ्या करायची. डब्याचा भाव ठरवताना पीठ धरायची, तेल धरायची, रॉकेल धरायची, डबेवाल्या पोराची मजुरी धरायची. माझे हात मी कधी धरलेच नाहीत. कुणी धरलेच नाहीत." थोड्या वेळाने त्यांनी पाकीट काढले. "सांग तिला, मलाही एक कॉफी. दुधाची."

त्या दिवसापासून 'मला भूक नाही' हा मंत्र बंद झाला.

दहाव्या दिवसापर्यंत त्यांच्या पाकिटात बरेच फ्रँक शिल्लक पडले. अकराव्या दिवशी सकाळी त्यांनी ते पलंगावर मांडले आणि जाहीर केले, "उद्या वर जायचं. सगळ्यांनी." आमच्याजवळ प्रवाशांना मिळणारे महिन्याचे हाफ फेअर कार्ड होते. त्यावर ते तिकीट निम्म्यात, म्हणजे माणशी सव्वाशेच्या आतबाहेर पडते.

३,४५४ मीटर उंचीवरच्या त्या स्थानकाकडे जाणारी आगगाडी आयगर आणि म्योन्ख या दोन शिखरांच्या पोटातून जाते. आडोल्फ गुयर-झेलर या उद्योगपतीने ती योजली. १८९६ साली काम सुरू झाले, आणि सोळा वर्षांनी, १९१२ च्या १ ऑगस्टला गाडी वर पोहोचली. तोवर योजणारा निवर्तला होता. खडक फोडणारे हात बहुतांशी इटालियन मजुरांचे होते. क्लाइने शायडेकच्या स्थानकाजवळ बाकावर बसून आम्ही थालीपीठ आणि दही खाल्ले, आणि वर गेलो. सासूबाई बर्फात उभ्या राहिल्या. मूठभर बर्फ त्यांनी हातात घेतला आणि वितळेपर्यंत धरून ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. मग आत येऊन चौघांसाठी चार कॉफ्या मागवल्या आणि पैसे स्वतः मोजून दिले. त्या कॉफीची किंमत रुपयांत किती झाली, हे आमच्या ह्यांनीही काढले नाही.

आता जाणाऱ्यांसाठी थोडे अनुभवाचे बोल. स्वयंपाकघर असलेले बिऱ्हाड घ्यावे, आणि डाळ, पोहे, भाजणी बरोबर न्यावी. रविवारी दुकाने बहुतेक बंद असतात, म्हणून शनिवारीच बाजार करावा. अडलेच तर मोठ्या स्थानकांतली दुकाने उघडी असतात. मुले सहा ते पंधरा वर्षांची असतील तर फॅमिली कार्ड मागून घ्यावे, त्यावर ती आईबापांबरोबर आगगाड्यांतून फुकट हिंडतात. बर्न, बाझेल, जिनिव्हा अशा शहरांत हॉटेलात उतरणाऱ्याला शहरातल्या वाहनांचा पास मोफत मिळतो, तो विचारून घ्यावा. खाद्यपदार्थ बांधून घेतला तर कर २.६ टक्के आणि टेबलावर बसून खाल्ला तर ८.१ टक्के, असा २०२४ पासून दर आहे, हेही ध्यानात असावे. आणि चौदा दिवसांत एकदा तरी टेबलाशी बसून, पाटीकडे न पाहता, जेवावे. काटकसरीलाही अधूनमधून सुट्टी हवी.

'किती लागले?' याचे उत्तर द्यायचे राहिले. विमान सोडून, चौघांचे, राहणे-खाणे-हिंडणे मिळून साडेपाच हजार फ्रँक. गुणाकार ज्याचा त्याने करावा.

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाई ओट्यापाशी खुर्ची घेऊन बसल्या. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना त्यांनी किती घरे करता, घराला किती वेळ लागतो, महिन्याला किती मिळतात, सगळे विचारले. पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले, भागाकार केला आणि कागद घडी घालून ठेवला. संध्याकाळी चहाच्या वेळी त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून मावशींना दीडपट द्यायचे. आणि वर्षाला पंधरा दिवसांची रजा, पगार न कापता. त्या दिवसांत पोळ्या मी करीन, नाहीतर भात खा."

आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र खाली केले, आईकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा वर केले. त्यांनी रजा मे महिन्यात द्यायची की दिवाळीनंतर, एवढेच विचारले. मावशींनी दिवाळीनंतरची मागितली आहे. त्यांना पंढरपूरला जायचे आहे.